सिस्टर, ही गोळी कशाची?

घरी येणाऱ्या सिस्टरचं काम काय, असं आमच्या जळगावात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे. "बीपी बघायचं, शुगर बघायची, डायपर बदलायचा आणि वेळच्या वेळी गोळ्या द्यायच्या." यातल्या शेवटच्या कामाबद्दल आज लिहायचं आहे. माझं मत असं होत चाललं आहे की गोळ्या देणं हे तिचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे, त्यातली कुठली गोळी आता नकोशी झाली असावी हे ओळखून डॉक्टरांच्या कानावर घालणं. हे अर्धं काम आपण तिला शिकवलेलंच नाही. उलट ती आपणहून करायला गेली तर तिला गप्प बसवतो.

विषय थोडा रुक्ष आहे, पण वाचा. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात तो आज ना उद्या येणारच आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ दहा माणसं साठीच्या पुढची होती. त्यानंतर हे प्रमाण वाढतंच आहे. खानदेशातली मुलं पुण्याला, मुंबईला, सुरतेला गेली, काही त्याही पलीकडे गेली. मागे म्हातारा-म्हातारी राहिले. त्यांच्यासाठी मग ब्यूरोतून कुणीतरी येते, दिवसाची किंवा रात्रीची. आपण सरसकट सगळ्यांनाच 'सिस्टर' म्हणतो. त्यातली एखादी खरंच एएनएम किंवा जीएनएम झालेली असते. एखादीने सहा महिन्यांचा कसलातरी कोर्स केलेला असतो, तर एखादी दुसऱ्या बाईच्या हाताखाली बघून बघून शिकलेली असते. शिक्षण काही असो, आठ-बारा तास त्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसणारी तीच. डॉक्टर बघतात महिन्यातून पाच मिनिटं, मुलगा बघतो फोनच्या पडद्यावर.

आता गोळ्यांचं. आमच्याकडे 'गोया' म्हणतात. "गोया लिहून आणल्या" म्हणजे दवाखान्यात जाणं सार्थकी लागलं! गोळी न देता नुसतं समजावून सांगणारा डॉक्टर आमच्या लोकांना डॉक्टरच वाटत नाही. त्यामुळे गोळी सुरू व्हायला एक शिंक पुरते, आणि बंद व्हायला काहीच पुरत नाही. हृदयाचे डॉक्टर वेगळे, सांध्यांचे वेगळे, साखरेचे वेगळे. प्रत्येकजण आपली चिठ्ठी लिहितो आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीला हात लावत नाही. मेडिकलवाला तीच जुनी चिठ्ठी बघून महिन्याचा माल बांधून देतो. मग पित्ताची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी डब्यात येऊन बसते, कारण ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात आणि आतल्या औषधाचं नाव बारीक अक्षरात. ते वाचायला सत्तरीतले डोळे पुरत नाहीत.

रोजची पाच किंवा त्याहून जास्त औषधं चालू असली की त्याला डॉक्टरी भाषेत 'पॉलिफार्मसी' म्हणतात. पाच म्हणजे वाईटच, असं नाही. काहींना आठही लागतात आणि ती आठ त्यांना जगवतात. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांनी होणारी इजा कमी करण्याची जी मोहीम सुरू केली, तिच्या तीन मुख्य विषयांत हा एक विषय घेतला, तो उगाच नव्हे. म्हातारपणी मूत्रपिंडं मंदावतात, अंगातलं पाणी कमी होतं, मेंदू झोपेच्या औषधाला लवकर बळी पडतो. पन्नाशीत सोसलेली मात्रा ऐंशीत सोसत नाही. माणूस बदललेला असतो आणि चिठ्ठी मात्र तीच असते.

दोन उदाहरणं सांगते. एक धुळ्याचं, एक जळगावचं.

धुळ्याला माझ्या एक नणंदबाई आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू होतं. त्याने काहींच्या पायांवर सूज येते, तशी ती यांच्याही आली. सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली. त्याने अशक्तपणा आला, उठताना अंधारी यायला लागली. अंधारीसाठी चक्करची गोळी आली, तीही महिनोन् महिने. चक्करवरच्या काही औषधांनी म्हाताऱ्या माणसांना हाताला कंप सुटतो आणि चाल मंदावते. यांचंही तसंच झालं. मग कंपवातावरची गोळी आली. तिने तोंड कोरडं पडलं, पोट साफ होईना, म्हणून रात्रीचं चूर्ण. बघा, पहिल्या गोळीपासून शेवटच्या चूर्णापर्यंत कशी साखळी तयार झाली! यात कुणी डॉक्टर चुकला असं म्हणता येत नाही. प्रत्येकाने समोर दिसलेल्या तक्रारीवर औषध दिलं. फक्त आधीच्या गोळीमुळे ही तक्रार आली असेल का, हे विचारणारं कुणी नव्हतं.

ते विचारलं पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला येणाऱ्या सिस्टरने. "आजी, हा कंप चक्करची गोळी सुरू व्हायच्या आधी होता की नंतर आला?" एवढाच प्रश्न. नणंदबाईंना आठवेना, सुनेला आठवलं. सिस्टरने सगळ्या गोळ्या, सुरू झाल्याच्या अंदाजे तारखांसह, वहीच्या एका पानावर उतरवल्या आणि ते पान घेऊन सुनेला फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर भले. त्यांनी पान वाचलं, रक्तदाबाची गोळी बदलली आणि बाकीच्या एकेक करून, मध्ये दिवस सोडत कमी केल्या. अकरा होत्या, सहा राहिल्या. कंप जायला चार महिने लागले. आता त्या स्वतःची भाकरी स्वतः थापतात.

दुसरं आमच्या गल्लीतलं. आजी एक्क्याऐंशी वर्षांच्या. नवरा गेला तेव्हा झोप लागेना म्हणून पंधरा दिवसांसाठी झोपेची अल्प्राझोलामची गोळी दिलेली. ते पंधरा दिवस नऊ वर्षं चालले. हे औषध २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करायची आणि ती तीन वर्षं ठेवायची. कायदा चांगला आहे, पण रजिस्टरला आजी दिसत नाहीत. त्यातच लघवीची गोळी संध्याकाळी दिली जायची, म्हणजे रात्री दोन-तीनदा उठणं आलंच. रात्रपाळीची सिस्टर यावल तालुक्यातली एक तरुण मुलगी होती. "रात्री उठल्यावर झोक जातो," असं तिने वहीत तीनदा लिहिलं. घरच्यांना म्हणाली, "एकदा डॉक्टरांना विचारून बघा ना, ही गोळी अजून लागते का?" घरच्यांनी उत्तर दिलं, "तुम्ही सिस्टर आहात की डॉक्टर? दिलेल्या गोळ्या तेवढ्या द्या." त्यानंतर ती बोलली नाही. एका पहाटे तीनला आजी मोरीच्या उंबऱ्याशी पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या अंथरुणावरून उठल्या नाहीत. पाचव्या महिन्यात गेल्या.

पडण्याचं कारण ती गोळीच, असं मी छातीठोक सांगणार नाही. ऐंशीतलं माणूस गोळीशिवायही पडतं. पण ती मुलगी मला नंतर भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, मला दिसत होतं हो." हे 'दिसत होतं' माझ्या मनातून जात नाही. दिसत होतं तिला, आणि तिच्या दिसण्याला घरात काही किंमत नव्हती.

म्हाताऱ्यांसाठी कुठली औषधं जपून वापरावीत याची यादी काही नवी नाही. अमेरिकेतल्या मार्क बीअर्स यांनी ती पहिल्यांदा १९९१ साली केली, तीही वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठीच. त्यांच्या नावाने ती आजही चालते आणि तिथली वृद्धोपचार तज्ज्ञांची संस्था तिच्यात वेळोवेळी सुधारणा करते. २०२३ मध्ये तशी एक झाली. झोपेच्या गोळ्या, जुन्या पद्धतीची सर्दी-खाजेची औषधं, वर्षानुवर्षं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, साखर एकदम खाली आणणारं ग्लिबेनक्लामाइड, कारण नसताना चालू ठेवलेली पित्ताची गोळी, हे सगळं त्या यादीत आहे. म्हणजे ज्ञान आहे. प्रश्न, ते कुणाच्या हातात द्यायचं हा आहे.

फिनलंडमध्ये हेलसिंकीला एक प्रयोग झाला. काइसू पिटकाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१४ साली प्रसिद्ध केला. वृद्धांच्या निवासांतले वीस विभाग घेतले, राहणारी माणसं दोनशे सत्तावीस. निम्म्या विभागांतल्या नर्सेसना चार-चार तासांची दोनच प्रशिक्षणं दिली. घातक ठरू शकणारी औषधं ओळखायची आणि डॉक्टरांना सांगायची, एवढंच त्यात होतं. वर्षभरानंतर पाहिलं तर शिकवलेल्या विभागांत तशी औषधं कमी झाली होती, बाकीच्या विभागांत नाही. शिकवलेल्या विभागांतली माणसं रुग्णालयातही कमी दिवस राहिली. सगळं मिळून आठ तास. आमच्या शाळेच्या हिशेबाने पस्तीस मिनिटांच्या तेरा-चौदा तासिका! एवढ्यात आम्ही भूमितीचा एक धडा नीट पुरा करतो.

यावर लगेच कुणीतरी म्हणणार, "अहो, ते फिनलंड. आपल्याकडच्या पोरींना हे झेपेल का?" याचं उत्तर परदेशात शोधायची गरजच नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना 'आरोग्यदूत' केलं. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला आहे हे लक्षणांवरून ओळखायचं आणि घरीच उपचार करायचे, इंजेक्शनसुद्धा द्यायचं, इथपर्यंत त्या शिकल्या. ३९ गावांतल्या या कामाने नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे देशभरातल्या आशा याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. जी बाई चार दिवसांच्या बाळाचे श्वास मोजू शकते, तिला ऐंशी वर्षांच्या आजीच्या गोळ्या मोजता येणार नाहीत? मला हे पटत नाही. चाळीस मुलांच्या वर्गावर आयुष्य काढलेल्या बाईला हे पटणारही नाही. मूल ढ नसतं, त्याला कुणी विचारलेलं नसतं.

मग शिकवायचं काय? माझ्यापुरती मी तासिकांची आखणी केली आहे. डॉक्टर मंडळींनी दुरुस्त करावी.

पहिल्यांदा, डबा पलंगावर पालथा करायचा. सगळा. त्यात शेजारणीने दिलेली गुडघ्याची पुडी, आयुर्वेदिक काढा, होमिओपॅथीच्या साबुदाण्या, मुदत संपलेली बाटली, सगळं आलं. मग एक तक्ता करायचा. आतल्या औषधाचं नाव, कधीपासून, कुणी दिलं, कशासाठी. 'कशासाठी'चा रकाना रिकामा राहिला की तिथे लाल खूण. माझ्या अनुभवाने दर डब्यात दोन तरी लाल खुणा निघतात.

दुसरं, माणसाकडे बघायला शिकायचं. झोपलेलं असताना रक्तदाब घ्यायचा आणि उभं केल्यावर पुन्हा घ्यायचा. दिवसा गुंगी आहे का? पडलेत का? नवा कंप, नवा गोंधळ, नवी सूज, बद्धकोष्ठ? नवी तक्रार दिसली की पहिला प्रश्न हा, "यांना अलीकडे नवी गोळी सुरू झाली का?"

तिसरं, आपला खानदेश ओळखायचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. ज्या माणसाला लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, ज्याला तहान कमी लागते, त्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ उन्हाळ्यात किती उतरत असेल? मात्रा बदलायची का, हे होळी झाली की डॉक्टरांना विचारून ठेवायचं. तसंच उपासाचं. एकादशी, नवरात्र, श्रावणातले सोमवार आमच्या म्हाताऱ्या सोडत नाहीत. पोटात अन्न नाही आणि साखरेची गोळी मात्र सवयीने घेतली, की दुपारी घाम, थरथर, बेशुद्धी. हे इंग्रजी यादीत सापडायचं नाही, हे इथल्याच सिस्टरला कळणार.

चौथं, आणि हे सगळ्यांत मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहावं: आपल्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही. वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी, फिटची गोळी, स्टेरॉइड, हृदयाचे ठोके आवरणाऱ्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर जिवावर बेततं. रक्त पातळ ठेवणारी थांबवली तर अर्धांगाचा झटका येऊ शकतो. कमी करणं हेही औषध देण्याइतकंच कौशल्याचं काम आहे. एका वेळी एक, हळूहळू, आणि नंतर काही आठवडे लक्ष ठेवून. ठरवायचं डॉक्टरांनी. सिस्टरने बघायचं, लिहायचं आणि विचारायचं.

पाचवं, विचारायचं कसं. हे सगळ्यांत अवघड. आपल्याकडे सिस्टरने डॉक्टरांपुढे तोंड उघडणं म्हणजे आगाऊपणा. म्हणून वर्गात तालीम घ्यायची. एकीने डॉक्टर व्हायचं, एकीने सिस्टर. "सर, आजींना उभं केल्यावर रक्तदाब एवढा उतरतो, दोनदा झोक गेला. ही गोळी तीन वर्षांपासून आहे. कमी करता येईल का?" बस्स. डॉक्टरांना वेळ नसतो हे मला मान्य आहे, बाहेर साठ पेशंट ताटकळत असतात. पण नीट भरलेला तक्ता हातात आला तर वेळ वाचतोच.

हे करायचं कुणी? जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला भाऊसाहेब हिरे महाविद्यालय आहे. दोन्हीकडे औषधशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आहेत. वर्षातून दोनदा, दोन-दोन दुपारी, ब्यूरोच्या मुलींसाठी वर्ग उघडला तर फार खर्च नाही. ज्येष्ठ नागरिक संघांनी सभागृह आणि चहा द्यावा. गावाकडची उपकेंद्रं आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झाली आहेत, आणि वृद्धांची काळजी त्यांच्या कामाच्या यादीत लिहिलेली आहे. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशांनाही हेच शिकवावं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले, चांगलंच आहे. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. खुबा मोडला तर पैसे आहेत, मोडू नये म्हणून कुणी डबा तपासला तर त्याचे कुणी देत नाही.

आणि आता माझ्या भाचे-पुतण्यांनो, थोडं तुमच्याकडे वळते. रागावू नका. तुम्ही लांब आहात, जीव तुटतो, म्हणून विचारता, "गोळ्या घेतल्या ना सगळ्या?" त्या 'सगळ्या' शब्दात तुमची माया आहे, हे मला कळतं. पण गोळी कमी केली म्हणजे हयगय केली, असं समजू नका. पुढच्या वेळी फोनवर असं विचारा, "डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या एकत्र शेवटच्या कधी बघितल्या?" आणि घरी येणाऱ्या मुलीशीही दोन मिनिटं बोला. तिला नावाने हाक मारा. तिने वहीत काय लिहिलं आहे ते वाचून दाखवायला सांगा.

कारण नुसतं शिकवून भागणार नाही. उद्या ती आठ तास शिकून आली आणि तुमच्या दारात पुन्हा "तुम्ही डॉक्टर आहात का?" हेच ऐकलं, तर ती मुकाट्याने गोळ्या मोजून देईल. ब्यूरोची नोकरी असते, तोंड उघडलं तर दुसरी मुलगी येते. तिला विचारायला शिकवणं हे महाविद्यालयांचं काम. तिने विचारल्यावर ऐकून घेणं हे आपलं, आणि त्याला कसलाही कोर्स लागत नाही.

तुमच्या घरी, शेजारी असं काही घडलं असेल, बरं किंवा वाईट, तर जरूर कळवा. एखाद्या सिस्टरने तुमच्या घरात असा प्रश्न विचारला असेल तर तेही लिहा. तिला दाखवायला मला आवडेल, की हे बघ, कुणीतरी ऐकलं.